आधी गोळा, मग पापणी: डिजिटल डोक्यावर डोळे, ओठ, नाक, कान घडवताना

ऐरोलीत ॲनिमेशन शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. छोट्या फिल्मसाठी ती ब्लेंडर या त्रिमिती (3D) सॉफ्टवेअरमध्ये ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली मासळी विकणारी आजी करतेय. डोकं स्कल्प्ट करून, म्हणजे डिजिटल मातीसारखं घडवून झालंय, त्यावर हाताने टोपॉलॉजी, म्हणजे चौकोनांची शिस्तशीर जाळीही बसवलीय. पण डोळे बटणं लावल्यासारखे दिसतात, ओठ वरून चिकटवल्यासारखे वाटतात, सबडिव्हिजन (जाळीचे चौकोन आपोआप बारीक आणि गुळगुळीत करणं) चढवलं की पापणी डोळ्यात घुसते आणि आजीला हसवलं की गाल चुरगळतो. सगळं पुसून पहिल्यापासून करू का, असं तिने विचारलंय.

पुसू नका. चारही तक्रारींचं मुख्य मूळ एकच आहे: अवयव कातडीवर काढलेत आणि कातडीखाली काहीच नाही. पापणीला स्वतःचा आकार नसतो, ती गोळ्यावरून ओढलेली असते. ओठ दातांच्या कमानीवरून वळलेले असतात. नाक वर हाडावर आणि खाली कूर्चेवर उभं असतं. ही आतली टणक वस्तू जागेवर नसली की चेहरा स्थिर असताना पटत नाही आणि हलवल्यावर टिकत नाही. बोलताना आपण हे अगदी बरोबर बोलतो. डोळे खोल गेले, गालफडं बसली, तोंडाचं बोळकं झालं: दिसतं ते बाहेर, पण झालेलं असतं आत. ब्रश हातात आला की मात्र आपण आतलं विसरून बाहेरचं कोरायला लागतो.

तेव्हा फाइलची एक प्रत बाजूला ठेवा, सबडिव्हिजन शून्यावर आणा आणि डोक्यात दोन गोळे व दातांची एक कमान बसवा. पुढचं सगळं त्यावर.

त्याआधी माप खरं करून घ्या. दोन मीटरचं डोकं घेऊनही काम होतं असं वाटतं, पण मग त्वचेचं सबसरफेस (उजेड कातडीत मुरून पसरणं), व्हॉक्सेलचा (स्कल्प्टची जाळी नव्याने विणताना धरलेल्या बारीक घनांचा) आकार आणि खाली दिलेली सगळी मापं फसतात. हनुवटीपासून टाळूपर्यंत २१-२२ सेंटिमीटर ठेवा आणि कंट्रोल-ए दाबून स्केल अप्लाय करा. डोळ्यांची रेषा या उंचीच्या मध्यावर येते. नवशिक्यांचे डोळे हमखास वर सरकतात, कारण केसांखालची कवटी मोजायची राहून जाते. आजीला अंबाडा येणार आहे म्हणून डोकं मागून चपटं सोडू नका. बाजूने बघितल्यावर कपाळापासून मागच्या फुगवट्यापर्यंतची खोली जवळपास उंचीइतकीच भरते आणि कान त्या खोलीच्या मध्याच्या मागे बसतो.

दुसरी गोष्ट लेन्सची. ब्लेंडरचा व्ह्यूपोर्ट, म्हणजे काम करताना दिसणारी खिडकी, मुळात ५० मिलिमीटरवर असतो. एन पॅनलमधल्या व्ह्यू टॅबमध्ये फोकल लेंग्थ ८५ ते १०० करून घ्या, नाहीतर जवळून बघून जुळवलेला चेहरा रेंडरमध्ये रुंद आणि सपाट निघतो. संदर्भाच्या फोटोंचंही तेच. मोबाइल हातभर अंतरावर धरून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि कान मागे पळतात. दोन-अडीच मीटर लांब उभं राहून दोन किंवा तीन पट झूमने काढा. बाजारात फोटो काढायचा तर आधी विचारा, तेही धंद्याच्या गर्दीत नको. नुसतं बघायचं तर ठाणे-वाशी लोकलइतकी सोय दुसरीकडे नाही. समोरच्या बाकावर चेहरे, वर छताचा दिवा. अशा वरच्या उजेडात डोळ्याची खोबण, नाकाखालची आणि खालच्या ओठाखालची सावली स्वच्छ दिसते. ऐरोली ते तुर्भे एकच अवयव बघायचा, दुसऱ्या दिवशी दुसरा. अर्थात, टक लावून नव्हे.

आता डोळा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

मोठ्या माणसाच्या डोळ्याचा गोळा साधारण २४ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि हे माप माणसागणिक फार थोडं बदलतं. मोठे डोळे, बारीक डोळे हा फरक बहुतेक वेळा गोळ्याचा नसून पापण्यांमधल्या फटीचा असतो. दोन बाहुल्यांमधलं अंतर बाईच्या चेहऱ्यात ६०-६२ धरा. बुबुळ पावणेबारा मिलिमीटरच्या आसपास. त्याच्यावरचं पारदर्शक पटल गोळ्याच्या पृष्ठभागापेक्षा साधारण १ मिलिमीटर पुढे फुगलेलं असतं. हा फुगवटा करायचा राहिला तर बाजूने नजर मेल्यासारखी दिसते, शिवाय डोळा फिरताना पापणीखालून जो उंचवटा सरकत जातो तोही मिळत नाही. फिल्मची शैली कार्टूनकडे झुकणारी असेल आणि डोळे मोठे हवे असतील तर नुसती फट मोठी करू नका, गोळाही त्याच प्रमाणात वाढवा. नाहीतर चारी बाजूंनी पांढरं दिसतं आणि आजी कायम दचकलेली वाटते.

बटणासारख्या डोळ्यांचं कारण खोलीत आहे. फट समोरून कापलेली आहे, म्हणजे डोळ्याचे दोन्ही कोपरे एकाच सपाट पातळीवर आलेत. डोक्यावरून खाली बघा: आतला कोपरा पुढे असतो, बाहेरचा त्याच्या बराच मागे, कारण पापणी गोळ्याला वळसा घालत मागे जाते. बाजूने बघितलं तर खोबणीची बाहेरची हाडाची कड गोळ्याच्या पुढच्या टोकापासून साधारण १६ मिलिमीटर मागे असते. म्हणजे या बाजूने निम्म्याहून जास्त गोळा हाडाच्या पुढे उघडा आहे. वरून मात्र भुवईचं हाड त्याच्यावर छत धरतं. ग्रॅब ब्रश मोठा घेऊन बाहेरचा कोपरा मागे ढकला आणि भुवईचा बाहेरचा अर्धा भागही त्याच्याबरोबर मागे न्या. एवढ्या एका हालचालीने निम्मी तक्रार संपते.

फटीचा आकार बदामाचा नसतो. बदामी डोळे कवितेत शोभतात, मेशमध्ये, म्हणजे जाळीत, ते दोन सारख्या कमानी होऊन बसतात. वरच्या पापणीचा सगळ्यात उंच बिंदू मध्यापेक्षा थोडा नाकाकडे असतो, खालचीचा सगळ्यात खोल बिंदू थोडा कानाकडे, त्यामुळे फट किंचित पिळलेली दिसते. बाहेरचा कोपरा आतल्यापेक्षा दोनेक मिलिमीटर वर असतो आणि तिथे वरची पापणी खालचीच्या अंगावर येते. फटीची रुंदी ३० आणि उंची १० मिलिमीटर. आजीच्या वयात वरची पापणी ओघळते, तेव्हा उंची ८ ठेवा आणि भुवईखालची सैल कातडी बाहेरच्या कोपऱ्यावर थोडी लोंबू द्या. वरची पापणी बुबुळाचा एक-दोन मिलिमीटर भाग झाकते, खालची बुबुळाच्या कडेला जेमतेम टेकते.

पापणीच्या कडेला जाडी असते, साधारण २ मिलिमीटर. नवशिक्याच्या आणि सरावलेल्या हातातला फरक मला सगळ्यात आधी इथे दिसतो. कागदासारखी धारदार कड असेल तर डोळा मुखवट्यातून डोकावल्यासारखा वाटतो. कडेवर तीन लूप, म्हणजे जाळीच्या कडांच्या सलग रांगा, द्या: एक बाहेरच्या धारेला, एक आतल्या धारेला आणि एक आत गोळ्यामागे वळवलेला. दोन धारांमधली ती अरुंद सपाट पट्टी ओली असते आणि तिथे उजेडाची रेघ पडते. आतल्या कोपऱ्यात फट थेट टोकदार संपत नाही. ती नाकाकडे छोट्या चिंचोळ्या खोबणीत जाते आणि तिथे गुलाबी मांसाचा बारीक दाणा असतो. शेवटी, खालची पापणी आणि गोळा यांच्यामध्ये पाण्याच्या धारेची वेगळी बारीक पट्टी बनवा. ती नसली की दोघांमध्ये काळी भेग दिसते, आणि ती भेग बुजवायला लोक पापणी गोळ्यात घुसवतात.

मातीची मूर्ती घडवणाऱ्यांशी इथे एक फरक आहे. गणपतीच्या डोळ्यांची आखणी शेवटी ब्रशने होते आणि तिच्यातच मूर्तीचा जीव असतो, पण त्या डोळ्यांना कधी मिटायचं नसतं. तुमच्या आजीला मिटायचंय, म्हणून आखणीआधी यंत्र हवं.

ते यंत्र असं. डोळा मिटताना जवळपास सगळं काम वरची पापणी करते. खालची एक-दोन मिलिमीटर हलते, तीही वर कमी आणि नाकाकडे जास्त. वरची पापणी गोळ्याच्या केंद्राभोवती फिरत खाली येते. शेप की (मेशचा साठवून ठेवलेला बदललेला आकार, ० ते १ किमतीने लागू होणारा) मात्र प्रत्येक व्हर्टेक्सला (जाळीच्या बिंदूला) सरळ रेषेत नेते. १० मिलिमीटरचा हा प्रवास साडेबारा मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर आहे. त्याच्या दोन टोकांना सरळ जोडलं तर मधोमध ती रेषा वर्तुळाच्या १ मिलिमीटर आत जाते. म्हणून डोळा पूर्ण उघडा ठीक, पूर्ण मिटलेला ठीक, पण अर्ध्यावर पापणीतून गोळा बाहेर येतो. यावर दोनच उपाय: ०.५ वर मधली दुरुस्तीची शेप की द्या, किंवा गोळ्याच्या केंद्रात हालचालीच्या सांगाड्याचं (रिगचं) हाड ठेवून पापणी त्याने फिरवा. दुसरा उपाय जास्त भरवशाचा. पापणी सगळीकडून १ मिलिमीटर बाहेर सरकवून जागा करायची युक्ती करू नका, त्यातूनच पुन्हा बटणं तयार होतात.

सबडिव्हिजनची तक्रार याच गावातली. सबडिव्हिजनची कॅटमल-क्लार्क पद्धत पिंजऱ्याचे, म्हणजे मूळ विरळ जाळीचे, कोपरे सरासरी करून आत ओढते. बाहेर फुगलेला भाग आकसतो, म्हणजे पापणी गोळ्यात बुडते. टोकदार भाग गोल होतो, म्हणजे डोळ्याचे कोपरे उघडे पडतात. सबडिव्हिजन बंद ठेवून पापणी गोळ्याला चिकटवली असेल तर ती चालू केल्यावर घुसणारच. पापणी बसवताना व्ह्यूपोर्टमध्ये लेव्हल २ चालू ठेवा आणि पिंजरा गरजेपेक्षा किंचित बाहेर काढा, म्हणजे आकसल्यावर पृष्ठभाग बरोबर बसेल. कोपऱ्यांना जवळून एक जादा लूप द्या. क्रीज (कड टोकदार ठेवणारी खूण) वापरून टोक धरायचा मोह टाळा. रेंडरमध्ये तिथे सुरीने कापल्यासारखी धार दिसते.

आता तोंड. इथे अडाणीपणा जास्त होतो, कारण ओठ समोरून रेखाटायला सोपे वाटतात.

दातांची कमान घोड्याच्या नालासारखी असते. वरच्या सुळ्यांमधलं अंतर साधारण ३५ मिलिमीटर धरा आणि दाढांकडे ती रुंद होऊ द्या. ओठ या नालावर बसतात. म्हणून हनुवटीखालून वर बघितलं की जिवणी सरळ रेषेत नाही, कमानीत दिसायला हवी आणि तिचे कोपरे ओठांच्या मधल्या भागापेक्षा किमान एक सेंटिमीटर मागे असायला हवेत. चिकटवलेल्या ओठांची नव्वद टक्के दुरुस्ती याच कोनातून होते. दोन्ही कोपरे पकडा, मागे न्या, आणि गाल त्यांच्यावरून थोडा पुढे येऊ द्या, म्हणजे कोपरा खळगीत बसेल.

वरच्या ओठात तीन गादीसारखे उंचवटे असतात, मधला ठळक. खालच्यात दोन असतात. वरचा मधला उंचवटा खालच्या दोघांच्या मध्ये बसतो, म्हणून मिटलेली जिवणी सरळ नसून लाटेसारखी असते. ओठाचा रंग जिथे संपतो तिथे कातडीची बारीक उंच किनार असते. ती रंगाने नाही, आकाराने करा. एक लूप रंगाच्या कडेवर, एक जरा बाहेर, आणि बाहेरचा किंचित उचला. उजेड पडला की ओठ आपोआप वेगळा दिसतो, लिपस्टिक लावावी लागत नाही.

टोपॉलॉजीत एक साधा नियम पाळा: वरच्या ओठाच्या कडेवर जितके व्हर्टेक्स तितकेच खालच्या ओठाच्या कडेवर. तोंड मिटताना प्रत्येकाला जोडीदार मिळाला पाहिजे. वर १३ आणि खाली ११ असतील तर मिटलेल्या ओठांत फटी राहतात आणि त्या कितीही शेप की करून बुजत नाहीत. पापण्यांनाही हाच नियम. मूळ स्थितीत तोंड दोन-तीन मिलिमीटर उघडं ठेवा, नाहीतर वेट (कोणतं हाड कोणत्या बिंदूला किती हलवेल तो वाटा) देताना खालच्या ओठाबरोबर वरचाही खाली येतो. ओठाची कड आत वळवून दाढांच्या मागेपर्यंत पिशवीसारखी न्या. ही पिशवी नसेल तर आजीने जांभई दिली की थेट कवटीची मागची भिंत दिसते.

आजीचे दात पडलेले दाखवायचे आहेत का, हे आत्ताच ठरवा, कारण हा टेक्स्चरचा प्रश्न नाही. दात गेले की त्यांना धरणारं हाडही झिजतं. ओठांचा आधार जातो, ते आत वळतात, रंगाचा भाग बारीक होतो. चेहऱ्याचा खालचा तिसरा हिस्सा उंचीने कमी होतो आणि हनुवटी वर व पुढे येते. बोळकं करायचं तर कमान काढून टाका आणि खालचा जबडा किंचित मिटवा. नुसते ओठ आत ढकलले तर आजी रुसल्यासारखी दिसेल, बोळकं होणार नाही.

गाल चुरगळण्याला दोन कारणं आहेत. पहिलं दिशेचं. हसताना ओठाचा कोपरा गालाच्या हाडापासून निघालेला स्नायू ओढतो. कोपरा वर जातो, बाजूला जातो, आणि दातांच्या कमानीवरून घसरत मागेही जातो. शेप की समोरच्या व्ह्यूमध्ये केली की हा मागचा प्रवास राहून जातो, कोपरा हवेत सपाट ताणला जातो आणि त्याच्यामागचा गाल दुमडतो. शेप की तिरक्या कोनातून करा आणि कोपरा सरकताना दात आणि ओठ यांच्यातलं अंतर कायम राहतंय का ते बघा. कोपरा आला की गालाचा गोळा वर फुगतो आणि खालची पापणी उचलते. एकमन आणि फ्रीसन यांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या हालचालींची जी संकेतपद्धती मांडली, तिच्यात ओठाचा कोपरा ओढणं हा १२वा घटक आणि गाल उचलणं हा ६वा. मनापासूनच्या हसण्यात दोन्ही लागतात. फक्त १२वा केला की आजी फोटोसाठी हसतेय असं वाटतं.

दुसरं कारण पोलचं, म्हणजे जाळीत जिथे चारऐवजी तीन किंवा पाच कडा मिळतात त्या बिंदूचं. डोळ्याभोवतीचे गोल लूप आणि ओठांभोवतीचे गोल लूप जिथे भेटतात तिथे पाच कडांचे पोल येणारच, ते टाळता येत नाहीत. ते कुठे ठेवायचे एवढंच आपल्या हातात. नाकपुडीच्या वरून निघून ओठाच्या कोपऱ्याला वळसा घालून हनुवटीखाली जाणारा एक पूर्ण लूप आधी टाका. हसताना पडणारी घडी त्याच्यावर बसते. पोल त्या लूपच्या बाहेर, गालाच्या हाडाकडे सरकवा. तुमचा पोल ओठाच्या कोपऱ्यावर किंवा त्या घडीवरच बसला असणार. तीन कडांचा पोलही तिथे नको. ओठांभोवती रंगाच्या कडेपासून त्या घडीपर्यंत निदान चार लूप ठेवा. दोन असतील तर सगळा ताण एकाच पट्टीवर येतो.

घडी कोरताना धारदार ब्रशने रेघ ओढू नका. ती रेघ नाही, सीमा आहे. वरच्या बाजूला गालाची चरबी येऊन थांबते, खालच्या बाजूला ओठाची कातडी सपाट असते. गालाची बाजू इन्फ्लेट ब्रशने भरा, ओठाची बाजू सपाट करा, घडी आपोआप पडते. म्हातारपणाचं काम याच क्रमाने करा: आधी मोठे आकार ओघळवा, मग घड्या, शेवटी बारीक सुरकुत्या. उलट केलं तर तरुण चेहऱ्यावर पेन्सिलीने रेघा मारल्यासारखं दिसतं. सुरकुत्यांची दिशा स्नायूच्या धाग्यांना आडवी जाते. कपाळाचा स्नायू उभा, म्हणून आठ्या आडव्या. डोळ्याभोवतीचा गोल, म्हणून बाहेरच्या कोपऱ्यावर किरणांसारख्या. ओठांभोवतीचाही गोल, म्हणून वरच्या ओठावर उभ्या. या बारीक रेघा मूळ मेशमध्ये घालू नका, मल्टिरेसोल्यूशनमध्ये (मूळ मेशवरच्या बारीक थरांत) घाला आणि नॉर्मल किंवा डिस्प्लेसमेंट मॅप (हे बारकावे साठवणारं चित्र) काढा. गोंदण सरळ रंगाच्या टेक्स्चरवर.

नाकाचं थोडक्यात. वरचा भाग हाडाचा, तो हलत नाही. हाड संपून कूर्चा सुरू होते तिथे बाजूने किंचित उंचवटा दिसतो आणि वयाबरोबर शेंडा खाली झुकतो. चार गोष्टी वेगळ्या घडवा: दांडा, शेंड्याचा गोळा, दोन पाळ्या आणि दोन नाकपुड्यांमधला खांब. बाजूने बघताना हा खांब पाळीच्या कडेखाली थोडा दिसायला हवा. नाकपुडीचं भोक गोल नसतं, ते तिरक्या थेंबासारखं असतं आणि पेन्सिलीने टोचल्यासारखं सरळ न जाता वर आणि आत वळतं. नाकाची रुंदी डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधल्या अंतराइतकी, हा ठोकताळा युरोपातल्या चित्रकारांचा आहे. आपल्याकडच्या कितीतरी चेहऱ्यांत पाळ्या त्याहून रुंद असतात, तेव्हा फोटोवर विश्वास ठेवा. नथीचं भोक डाव्या पाळीवर, पण त्यासाठी मेशला भोक पाडायची गरज नाही. खळगा कोरा आणि नथीची तार त्यात बुडवा.

कानाला सगळे कंटाळतात. वरची कड भुवईच्या रेषेत, पाळी नाकाच्या तळाच्या रेषेत, कान मागे थोडा झुकलेला आणि डोक्यापासून २०-३० अंश उघडलेला. डोक्याला सपाट चिकटलेला कान ही ठळक चूक. बाहेरची गुंडाळलेली कड कानाच्या मधल्या वाटीतून सुरू होते, वर जाऊन मागून खाली उतरते. तिच्या आतली दुसरी कड वर जाताना बेचकीसारखी दुभंगते. या दोन कडा आणि भोकापुढचा छोटा उंचवटा बरोबर असले की कान ओळखू येतो, बाकी तपशील कोणी मोजत नाही. वयाबरोबर कान लांबतो, वर्षाला साधारण ०.२ मिलिमीटर. शिवाय आयुष्यभर जड सोनं वागवलेल्या पाळीचं भोक उभ्या चिरेसारखं लांबतं. आजीत हे दाखवलंत तर एका नजरेत वय कळेल. कान वेगळा बनवून जोडा आणि त्याच्या कडेवर १६ ते २० व्हर्टेक्स ठेवून डोक्यावरच्या भोकात तितकेच ठेवा. कानाच्या बिंदूंची दाटी गालावर सांडू देऊ नका, ती कानामागेच जिरवा.

स्कल्प्टकडे परत जाणार असाल तर व्हॉक्सेलचा आकार बघा. ४ मिलिमीटरवर मोठे आकार, तेव्हा मान धरून दहाएक हजार चौकोन होतात. २ वर नाक आणि ओठांच्या गाद्या. पापणी आणि कानाच्या कडा १ वर किंवा त्याखालीच, तेव्हा दीड-दोन लाख होतात. २ मिलिमीटर जाडीच्या पापणीवर ४ चा व्हॉक्सेल चालवला तर पापणीला भोकं पडतात. ओठांमधली फट व्हॉक्सेलपेक्षा लहान असेल तर कंट्रोल-आर दाबून रिमेश करताच (जाळी नव्याने विणताच) दोन्ही ओठ एकमेकांत मिसळतात, आणि बरेचदा हे दुसऱ्या दिवशी लक्षात येतं. त्या आधारावर बसवलेली टोपॉलॉजी मात्र हलकी ठेवा. सबडिव्हिजन लावायचं असेल तर पूर्ण डोक्याला ३ ते ५ हजार चौकोन पुरतात, त्यात डोळ्याच्या कडेभोवती २० ते २४ आणि बाकी कपाळ-टाळू विरळ. आपोआप रिमेश करणारी साधनं डोक्याच्या मागच्या भागाला ठीक आहेत. डोळे आणि तोंड हातानेच.

मिरर मॉडिफायर (एक बाजू आरशासारखी उलटवून दुसरी देणारं साधन) शेप की सुरू करण्याआधी अप्लाय करा. शेप की असलेल्या मेशवर ब्लेंडर असा मॉडिफायर अप्लाय करू देत नाही, आणि मधल्या रेषेचे व्हर्टेक्स शून्यावर नसतील तर तेव्हा उघड झालेली फट कायमची राहते. चेहऱ्याचा वाकडेपणा मूळ मेशमध्ये घालू नका. मूळ दोन्ही बाजूंनी सारखं ठेवा आणि एक भुवई खाली, एक कोपरा जास्त ओघळलेला असा तिरकेपणा वेगळ्या शेप कीमध्ये ठेवून तिची किंमत १ करा. असं केलं की डावी-उजवी हालचाल आरशासारखी उलटवून घेता येते. पुढे मोबाइलवरून चेहऱ्याची हालचाल पकडायचा विचार असेल तर ॲपलच्या एआरकिटच्या (चेहऱ्याच्या हालचाली टिपणाऱ्या प्रणालीच्या) ५२ शेपची नावं आत्ताच वापरा, नंतर नावं बदलत बसणं कंटाळवाणं असतं.

रिग करणाऱ्याच्या हातात देण्याआधी चार चाचण्या घ्या. पहिली, सगळ्या मटेरियलऐवजी सपाट काळा रंग लावून डोकं हळूहळू फिरवा आणि फक्त बाह्यरेषा बघा. पाऊणमुद्रेत, म्हणजे चेहरा अर्धवट वळलेला असताना, लांबच्या गालाची रेषा भुवई, खोबण, गाल, ओठ अशी आतबाहेर व्हायला हवी, अंड्यासारखी गुळगुळीत नाही. दुसरी, मॅटकॅप (पृष्ठभागावर आयता उजेड दाखवणारं चित्र) बंद करून एकच दिवा वर आणि बाजूला ठेवा. मॅटकॅपमध्ये सगळंच घडीव दिसतं. तिसरी, जबडा उघडा. त्याचा आस कानाच्या भोकाच्या जरा पुढे असतो. पूर्ण उघडल्यावर पुढच्या दातांमध्ये तीन बोटं उभी मावतात, म्हणजे ४ ते ५ सेंटिमीटर, आणि ओठांचे कोपरे जबड्याबरोबर साधारण निम्मेच खाली येतात. हनुवटी खाली न येता नुसती मागे गेली तर आस चुकीच्या जागी आहे.

चौथी चाचणी बोलण्याची, आणि तुमच्या आजीसाठी ती आयतीच मिळालीय. तिला "पापलेट, बोंबील" म्हणायला लावा. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण आहेत, त्यांना ओठ पूर्ण मिटलेच पाहिजेत, आणि या दोन शब्दांत ते चारदा मिटतात. "बोंबील"मध्ये तर ओठ पुढे गोल होऊन लगेच मिटतात. मिटताना कुठे फट राहिली तर तिथल्या वरच्या-खालच्या व्हर्टेक्सची जोडी मोजा. ओठ मिटून एकमेकांच्या आरपार गेले तर शेप कीमध्ये ते जिथे टेकतात तिथे थांबवून थोडे दाबून पसरवा, कारण खरे ओठ टेकल्यावर चपटे होतात. गोल होताना कोपरे नुसते आत आले आणि पुढे आले नाहीत, तर दोष शेप कीचा नाही. हनुवटीखालून बघा, जिवणीची कमान अजून सपाटच असेल.